दहावीच्या विषय-नियोजनाबद्दल आलेल्या अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या सल्लाकेंद्राला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. पुण्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववी पूर्ण करून आपला मुलगा कॅलिफोर्नियातील बे एरियाच्या हायस्कूलमध्ये दहावीला दाखल झाला आणि त्याच्यासाठी आम्ही पुढील तीन वर्षांचा आराखडा तयार करून दिला. त्यावर आपले चार आक्षेप आहेत: पुण्यात झालेली भूमिती पुन्हा घ्यायला लावली; घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत हिंदी शिकलेल्या मुलाला स्पॅनिश घ्यायला सांगितले; पी.ई. (शारीरिक शिक्षण) आणि चित्रकलेत त्याची दोन वर्षे वाया घालवली; आणि अकरावीत पाच एपी (महाविद्यालयीन पातळीचे) विषय घेण्याच्या आपल्या इच्छेला आम्ही विरोध केला. एवढा सल्ला शाळेच्या काउन्सेलरने फुकट दिला असता, असे म्हणून आपण शुल्कही परत मागितले आहे. मुलाचे गुण, शाळेचे नाव किंवा कुटुंबाची कोणतीही माहिती मी येथे देणार नाही. मात्र भारतातून येणारे इतर पालकही हा अभिप्राय वाचून निर्णय घेतील, म्हणून नियमांविषयीचे उत्तर सविस्तर देणे मला आवश्यक वाटते.

कॅलिफोर्नियात हायस्कूलचा डिप्लोमा मिळणे आणि यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयूच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) प्रवेशासाठी पात्र ठरणे हे दोन स्वतंत्र हिशेब आहेत. राज्याच्या शिक्षण कायद्यानुसार डिप्लोमासाठी किमान तीन वर्षे इंग्रजी, दोन वर्षे गणित, दोन वर्षे विज्ञान, तीन वर्षे सामाजिक शास्त्रे, दोन वर्षे शारीरिक शिक्षण आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय शिक्षण यांपैकी कोणत्याही एका विषयाचे एक वर्ष लागते. त्यावर प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (स्थानिक सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था) स्वतःच्या अटी घालतो, आणि एका सेमिस्टरच्या विषयाला ५ क्रेडिट या दराने अनेक डिस्ट्रिक्टमध्ये एकूण बेरीज २२० च्या आसपास जाते. यूसी आणि सीएसयू यांची ‘ए ते जी’ यादी याहून वेगळी आहे. तीत इतिहास व सामाजिक शास्त्रे २, इंग्रजी ४, गणित ३, विज्ञान २, इंग्रजीखेरीज दुसरी भाषा २, कला १ आणि ऐच्छिक १ असे वर्षभराचे १५ अभ्यासक्रम आहेत, यूसीसाठी त्यांपैकी ११ बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे लागतात आणि प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी लागते. डिप्लोमासाठी बहुतेक ठिकाणी ‘डी’ श्रेणीही चालते. त्यामुळे एखादा विद्यार्थी समारंभात डिप्लोमा घेतो आणि त्याच वेळी यूसीच्या प्रवेशास अपात्र असतो, असे सहज घडू शकते. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत गुणनोंदीवर, ‘उत्तीर्ण’ दिसत असल्याने घरच्यांना ते फार उशिरा कळते.

चित्रकला आणि पी.ई. यांचे उत्तर यातच आहे. डिप्लोमासाठी कला आणि भाषा यांपैकी एक विषय पुरतो, पण यूसीसाठी दोन्ही लागतात आणि कलेचे पूर्ण वर्ष लागते. मुलाला अभियांत्रिकीकडे जायचे आहे म्हणून कला टाळता येत नाही. पी.ई. ‘ए ते जी’ यादीत नाही, परंतु त्याशिवाय डिप्लोमा मिळत नाही. भारतातील गुणपत्रिकेवरच्या शारीरिक शिक्षणाला क्रेडिट द्यायचे की नाही, हे डिस्ट्रिक्ट ठरवतो. आपल्या बाबतीत एका वर्षाचे क्रेडिट मान्य झाले, म्हणून आमच्या आराखड्यात पी.ई. दोन वर्षे नसून एकच वर्ष आहे. कृपया दुसरे पान पाहावे.

गणिताविषयीची आपली नाराजी मला सर्वांत अधिक समजते, कारण पुण्याहून आलेल्या बहुतेक कुटुंबांचा पहिला प्रश्न हाच असतो. भारतीय नववीच्या गणितात बीजगणित, भूमिती आणि सांख्यिकी एकाच वर्षी असतात, तर येथील अनेक शाळांत अल्जेब्रा १, जॉमेट्री आणि अल्जेब्रा २ असे एकेका वर्षाचे वेगळे विषय असतात. मुलाला प्रमेये येतात याबद्दल आम्हाला शंका नव्हती. अडचण नोंदीची आहे: गणिताच्या काही विषयांत वरच्या वर्गात ‘सी’ मिळाल्यास यूसी खालचा वर्ग पूर्ण झाल्याचे मानते, पण वगळलेल्या भूमितीला ती सवलत नाही. नववीच्या एका गुणपत्रिकेवरून पूर्ण वर्षाची भूमिती मानली जाईल असे गृहीत धरून थेट प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसच्या पूर्वतयारीचा विषय) घेण्याचा सल्ला मी आजही देणार नाही, मग त्यामुळे पालक कितीही नाराज झाले तरी. त्याऐवजी दहावीत भूमिती आणि अल्जेब्रा २ एकाच वर्षी, अकरावीत प्रीकॅल्क्युलस आणि बारावीत एपी कॅल्क्युलस असा मार्ग आम्ही दिला होता. त्यासाठी शाळेची लेखी परवानगी लागते आणि त्या अर्जाचा मसुदाही आराखड्यासोबत जोडला होता. अभिप्रायात फक्त ‘भूमिती’ एवढाच उल्लेख आल्याने वाचणाऱ्याचा समज होतो की कॅल्क्युलसचा रस्ता आम्ही बंद केला. तो बंद केलेला नाही. आपण ज्या कायद्याचा दाखला दिला आहे, तो २०१५ चा गणित-प्रवेशाचा कायदा डिस्ट्रिक्टला पारदर्शक निकष आणि वर्ष सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात फेरतपासणी बंधनकारक करतो, हे खरे आहे. पण तो नववीत प्रवेश करणाऱ्यांसाठी आहे. दहावीत येणाऱ्यांना डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहावे लागते.

भाषेचा मुद्दा वेगळा आहे आणि तो अजून संपलेला नाही. सहावी किंवा त्यापुढील किमान दोन वर्षे इंग्रजीखेरीज अन्य माध्यमाच्या शाळेत समाधानकारक श्रेणीसह पूर्ण केलेली असतील, तर यूसी भाषेची अट पूर्ण झाल्याचे मानते. म्हणजे मराठी माध्यमातून आलेल्या मुलाची अट आपोआप सुटते आणि ज्याच्या पालकांनी मोठ्या हौसेने इंग्रजी माध्यम निवडले, त्याला मात्र आपल्या भाषेचा पुरावा द्यावा लागतो. या विसंगतीचे मला दर वर्षी थोडे हसू येते. घरी अस्खलित मराठी बोलणे हा पुरावा ठरत नाही. मराठी किंवा हिंदी या विषयांची एपी परीक्षा नाही, त्यामुळे तोही मार्ग नाही. सर्वांत सरळ राहतो तो अभ्यासाचा पुरावा: सातवी, आठवी आणि नववीत विषय म्हणून शिकलेल्या हिंदी किंवा मराठीच्या अधिकृत गुणपत्रिका शाळेकडे देऊन त्यांची नोंद ट्रान्सक्रिप्टवर करून घेणे. आमच्याकडे आणि शाळेकडे आतापर्यंत फक्त नववीची गुणपत्रिका पोहोचली आहे. आधीच्या दोन वर्षांची नोंद होईपर्यंत स्पॅनिश १ ठेवणे ही सावधगिरी होती, कारण परदेशातील कागद न आल्यास बारावीत दोन वर्षांची भाषा एका वर्षात बसवता येत नाही. नोंद मान्य झाली तर स्पॅनिश सोडून ती जागा संगणकशास्त्राला देता येईल, हेही आराखड्यात लिहिलेले आहे.

एपी विषयांबद्दल मात्र आपल्या आणि माझ्या मतात खरोखरच अंतर आहे. यूसी आपल्या सरासरीत दहावी व अकरावीतील ऑनर्स (वरच्या पातळीच्या) आणि एपी विषयांना अधिक गुण देते, पण या वाढीव गुणांना आठ सेमिस्टरची मर्यादा आहे आणि त्यांतही दहावीची जास्तीत जास्त चार सेमिस्टर धरली जातात. शिवाय ‘डी’ श्रेणीला वाढीव गुण मिळत नाहीत आणि तो विषय ‘ए ते जी’मध्ये मोजलाही जात नाही. नव्या देशात, नव्या मूल्यमापन पद्धतीत दुसरे वर्ष काढणाऱ्या मुलाने अकरावीत पाच एपी घेऊन दोन विषयांत घसरावे, यापेक्षा तीन घेऊन तिन्ही नीट पूर्ण करावेत, असे माझे मत आहे. विषयाची कठीणता विद्यापीठे पाहतात हे मला मान्य आहे. आराखड्यातील तीन एपी त्याचसाठी आहेत. अभिप्रायात शेजारच्या मुलांशी केलेली तुलना मी उत्तरात घेत नाही, कारण ती मुले नववीपासून याच शाळेत आहेत आणि त्यांचा गणिताचा क्रम मिडल स्कूलमध्ये, म्हणजे आठवीपर्यंतच ठरलेला होता.

शाळेच्या काउन्सेलरचा सल्ला फुकट असतो आणि अंतिम अधिकारही शाळेकडेच असतो, हे आम्ही प्रत्येक पालकाला पहिल्या बैठकीत सांगतो. अमेरिकेतील काउन्सेलरांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका काउन्सेलरमागे २५० विद्यार्थ्यांची आहे आणि कॅलिफोर्नियातील प्रमाण अनेक वर्षे त्याहून बरेच अधिक राहिले आहे. भारतीय गुणपत्रिकेतील प्रत्येक विषय येथील कोणत्या अभ्यासक्रमाशी जुळतो हे शोधून कागदपत्रांसह मांडायला त्यांच्याकडे क्वचितच वेळ उरतो. आपण शुल्क दिले ते या कामाचे, आणि ते काम पूर्ण करून आपल्याला दिलेले असल्यामुळे शुल्क परत करता येणार नाही.

आराखड्याची फेरतपासणी त्याच शुल्कात समाविष्ट आहे आणि आपण ती अद्याप मागितलेली नाही. पुढील वर्षाच्या विषयांची निवड शाळेत वसंत सेमिस्टरच्या सुरुवातीलाच होते. त्यापूर्वी सातवी व आठवीच्या गुणपत्रिकांच्या शाळेच्या शिक्क्यासह प्रती आणि भूमिती-अल्जेब्रा एकत्र घेण्याच्या अर्जावर शाळेने दिलेले उत्तर आमच्याकडे पाठवावे. त्या दोन कागदांवरून स्पॅनिश आणि अकरावीचे गणित, दोन्ही एकाच बैठकीत निश्चित करता येतील.

आपली,
संचालिका