मुंबईत गाडी चालवली म्हणजे सगळं आलं?

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा सल्ला फिरू लागतो: मुंबईत गाडी चालवणारा जगात कुठेही चालवेल. धोका आधी ओळखायला शिकणं हे परदेशी फॅड आहे. आपल्याकडे वेगच नसतो. ब्रेक आणि हॉर्न दणकट हवेत, पावसात चारही इंडिकेटर लावले की झालं.

पहिलं वाक्य कौतुकाचं आहे, त्याच्याशी भांडण नाही. बाकीचं मात्र तपासायला हवं.

ब्रेक दणकट हवा, मान्य. पण ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो. १२ मीटरची बेस्टची बस धरली, तर दीडेक बसची लांबी ब्रेक लागायच्या आधीच संपलेली असते. थांब्यावर उभ्या बसला उजवीकडून ओलांडताना हा हिशोब अंगाशी येतो, कारण उतरलेली माणसं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात. माणूस दिसत नाही, पण बसच्या खालून पाय दिसतात. तिकडे बघायची सवय असेल तर पाय ॲक्सिलरेटरवरून आधीच उठतो.

रिक्षाचंही तसंच. सायन-माहीमच्या उत्तरेला ज्याने गाडी हाकली त्याला हे ठाऊक आहे, फक्त बरेचजण रिक्षाकडे बघतात, फुटपाथकडे नाही. तिथे कुणी हात वर केला की रिकामी रिक्षा डावीकडे घुसणारच, इंडिकेटर देवो न देवो. उभ्या टॅक्सीचे ब्रेकलाइट नुकतेच विझले आणि आत डोकी हलताहेत, म्हणजे दार उघडणार. अशा वेळी हॉर्न काय करतो? दार उघडणाऱ्याला तो आपल्यासाठी आहे हे कळतही नाही, इतके हॉर्न आजूबाजूला वाजत असतात.

परदेशी फॅडाबद्दल. ब्रिटनमध्ये २००२ पासून ड्रायव्हिंग लायसन्सच्या थिअरी परीक्षेसोबत संगणकावर १४ चित्रफिती दाखवतात. धोका आकार घेऊ लागताच जितक्या लवकर क्लिक कराल तितके गुण, उशीर झाला तर शून्य. म्हणजे आपण ज्या 'करकचून दाबला म्हणून वाचलो' वर फुशारकी मारतो, त्याला तिथे भोपळा.

वेग नसतो? संध्याकाळी सातला नसेल. रात्री एकला पूर्व द्रुतगती मार्गावर जाऊन बघा. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं, आणि कडेला टेललाइट नसलेला ट्रेलर उभा असू शकतो. त्यात पहिला पाऊस म्हणजे धूळ आणि ऑइलचा चिकटा. साचलेल्या पाण्याखाली खड्डा असेल तर पुढची बाइक कुठे वळतेय त्यावरून तो कळतो, पाण्याकडे बघून नाही.

आता ते चारही इंडिकेटर. हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, घातक आहे. सगळे लुकलुकत असताना तुम्ही लेन बदलताय हे मागच्याला कळणार कसं? चालती गाडी त्याला उभी वाटू शकते. पावसात लो बीम लावा, अंतर वाढवा. समोरचं दिसेनासंच झालं तर गाडी बाजूला घेऊन थांबा, आणि मग खुशाल चारही लावा.