तपशील जुळला, तरी आठवण माझी कशी?

सप्रेम नमस्कार.

बेतीच्या फेरीबोटीवरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, की ५ जुलै १९८६ रोजी गोव्यात मांडवी नदीवरचा पूल कोसळला आणि लोक फेरीबोटीनं जाऊ लागले, तेव्हा मी चार वर्षांची होते, म्हणजे त्या दिवसांतलं बरंचसं आईनंच भरलेलं असणार. हे मला मान्य आहे. तुमचं पुढचं वाक्य मात्र पटत नाही : ‘प्रसंग घडला, तपशील जुळतो, मग आठवण कुठून आली याच्याशी काय देणंघेणं?’

बाबांची छत्री मांडवीत पडली, हे आईनं इतक्यांदा सांगितलंय की ती मला डोळ्यांपुढे दिसते. तपशील बरोबर. मीही तिथेच होते. तरी ती आठवण आईची. मला ती नुसती ठाऊक आहे. मार्टिन आणि डॉइचर या तत्त्वज्ञांनी १९६६ साली नेमकं इथेच बोट ठेवलं. एकाला अपघात होतो, तो मित्राला सगळं सांगतो. पुढे दुसऱ्या अपघातात त्याची स्मृती जाते आणि मित्र तेच त्याला परत ऐकवतो. धागा त्याच्याच अनुभवातून निघालेला, पण आला मित्राच्या तोंडून. हे स्मरण नव्हे, असं ते म्हणतात.

आपल्याकडे न्यायदर्शनाच्या ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात अन्नंभट्ट सांगतात, ‘संस्कारमात्रजन्यं ज्ञानं स्मृतिः’. अनुभव मागे संस्कार, म्हणजे ठसा, ठेवतो. केवळ त्यातून उपजते ती स्मृती. यातला ‘मात्र’ मुळात प्रत्यभिज्ञा, म्हणजे समोर पाहून ओळखणं, वगळण्यासाठी आहे. मला तो आईच्या गोष्टीलाही लागू करावासा वाटतो.

मेंदू आठवण दर वेळी नव्यानं रचतो, हा तुमचा मुद्दा खरा. मानसशास्त्रज्ञ बार्टलेटनं ते १९३२ मध्येच दाखवलं. पण जुनं घर उतरवून त्याच चिऱ्यांनी नवं उभारलं, तर खोल्या बदलतात, चिरे तेच राहतात. शेजाऱ्याचे चिरे आणून हुबेहूब तसंच घर बांधलं, तर ते आमचं जुनं घर होईल का?

आता माझी खरी अडचण सांगते. बोट धक्क्याला लागताना पायांखाली बसलेला हिसका मला कुणीही सांगितलेला नाही. आईला तो आठवतही नाही. पण नंतर मी कितीतरी वेळा फेरीबोटीनं गेले, त्यामुळे तो त्याच पावसाळ्यातला आहे असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. लेखात छत्रीच्या वाक्यापुढे आता ‘असं आई सांगते’ जोडलं आहे. हिसका ठेवलाय, फक्त ‘त्या दिवशी’ हे शब्द काढलेत.