हिंगाचे जर्मन नाव

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटात गेले दहा दिवस एकच वाद चालू आहे आणि त्यात माझाच दाखला माझ्याविरुद्ध दिला जात असल्यामुळे मला गप्प बसवत नाही. बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या शेजारी वाढलेल्या माझ्या मैत्रिणीला वासणा रोडवरील एका सोसायटीने घर नाकारले, कारण त्या मराठा कुटुंबात रविवारी मटण शिजते. वकील असलेल्या माझ्या मामेभावाने यावर सर्वोच्च न्यायालयाचा २००५ सालचा निकाल पुढे केला. अहमदाबादेतील पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतेच ठेवता येते, तर शाकाहाऱ्यांनीच काय घोडे मारले आहे? शिवाय, "ताई, श्टुटगार्टमध्ये फोडणीच्या वासापायी तुलाही घर मिळाले नव्हते ना? मग जगभर हेच चालते."

नव्हतेच मिळाले. शूफाचा म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा दाखला, तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, सगळे घेऊन गेलो होतो; घर पाहून झाल्यावर मालकीणबाईंनी गोड आवाजात विचारले, की तुम्ही रोज गरम स्वयंपाक करता का. मी खरे ते सांगितले आणि पुढे काहीच कळवण्यात आले नाही. दुसऱ्या घराच्या वेळी मात्र, आम्ही संध्याकाळी पावच खातो, असे मी बेधडक सांगितले आणि किल्ली हातात पडली. गेली अकरा वर्षे हिवाळ्यात बाहेर दोन अंश तापमान असतानाही स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडून, सगळ्यांचे कोट कपाटात कोंडून आणि जिन्याकडच्या दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून मी आमटीला फोडणी देते. केरवोखेच्या, म्हणजे सामायिक जिना झाडण्याच्या आमच्या पाळीच्या आठवड्यात जिना इतरांपेक्षा जास्त घासून पुसते, ते कशासाठी, हे सांगायला नको. हिंगाला जर्मनमध्ये टॉयफेल्सड्रेक, म्हणजे सैतानाची विष्ठा, असे म्हणतात, ही माहिती एका सहकाऱ्याने मला दिली ती पावणेबारा वाजता, सगळे 'मालत्साइट' असे दुपारच्या जेवणाचे अभिवादन करत असताना आणि माझा डबा उघडा असताना. सगळे हसले, मीही हसले, आणि दुसऱ्या दिवसापासून लोणी लावलेला ब्रेत्सेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, नेऊ लागले.

तरीही मामेभावाची तुलना मला मान्य नाही. इथे जर्मनीत वंशावरून घर नाकारण्याविरुद्ध २००६ पासून कायदा आहे. सिद्ध करणे अवघड जाते हे खरे, पण नाकारणाऱ्याला निदान कारण लपवावे लागते. आमच्याकडे तेच कारण सोसायटीच्या सभेत ताठ मानेने सांगितले जाते. आणि ज्या गायकवाडांच्या चाकरीसाठी आमचे पणजोबा बडोद्याला आले, त्यांच्या मुदपाकखान्यात मटण शिजत नव्हते काय?

बडोद्यात जागा न मिळण्याची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. परदेशात शिकून १९१७ साली सयाजीरावांच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेबांना जात लपवून पारशी पथिकाश्रमात राहावे लागले आणि जात कळताच तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यानंतर ज्या कमाटीबागेत ते बसले, त्याच बागेत आम्ही लहानपणी सेवउसळ खाऊन झाल्यावर छोटी आगगाडी पाहायला जात असू. त्यांच्या यातनेशेजारी माझा ब्रेत्सेल ठेवण्याचा निर्लज्जपणा मी करणार नाही; पण गटातल्या एकालाही हे आठवू नये, याचा मला संताप येतो.

संताप आणखी एका कारणाने येतो आणि ते कारण मी गटात लिहिलेले नाही. बाबा गेल्यानंतर कारेलीबागेतला आमचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता. दलालाचा फोन आला तेव्हा मी उघड्या खिडकीपाशी, अंगावर शाल घेऊन, गवारीची भाजी परतत होते. "बेन, नॉनव्हेज चालशे?" त्याने विचारले. मी क्षणभरही न थांबता नाही म्हणाले. तिथे आईचे देवघर होते, असे काहीतरी कारणही दिले, जे त्याने मागितलेच नव्हते. भाडेकरारात ती अट तिसऱ्या कलमात आहे आणि खाली माझी सही आहे.

काल रात्री मैत्रिणीचा मेसेज आला आहे. कारेलीबागेतले घर मार्चमध्ये रिकामे होते आहे असे तिने ऐकले आहे, आणि भाडे किती ठेवणार, एवढेच तिने विचारले आहे.