अनारसा हसला

अनारसा तुपात सोडल्यावर विरघळून त्याचा भुगा झाला, की आपण म्हणतो 'अनारसा हसला'. हा शब्दप्रयोग ज्याने केला तो स्वतः कधी कढईपाशी उभा राहिला नसणार, एवढं मी खात्रीने सांगते. तळणारीला शब्द सुचवायला सांगितला असता, तर तो चारचौघांत उच्चारता आला नसता.

2023 सालची गोष्ट. कन्येचं लग्न होऊन सहा महिने झाले नाहीत, तोच 18 जुलैला अधिक महिना लागला. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी कमी भरतं. ती तूट साठत जाते आणि साधारण अडीच-पावणेतीन वर्षांनी एक जादा महिना घालून पंचांगवाले हिशेब जुळवतात. इथवर मला मान्य आहे. मी 29 वर्षं सहकारी बँकेत कॅशला बसले, त्यामुळे तूट भरून काढण्याचं महत्त्व मला कुणी सांगायला नको. पण ती तूट जावयाच्या सासूने 33 जाळीदार पदार्थ देऊन का भरायची, हे कोडं मला सुटलेलं नाही.

बत्तासे दिले असते तर दहा मिनिटांत सुटले असते. मी तसं घरात म्हटलंही. तर आमचे हे पेपरातून डोकंही न काढता म्हणाले, "माझ्या पहिल्या अधिकात तुझ्या आईने 33 अनारसे घरी केले होते. एकसुद्धा हसला नव्हता." तीस वर्षांत या माणसाने माझ्या आईचं केलेलं हे पहिलं कौतुक. ते नेमकं त्या दिवशी करायचं होतं.

मी साताऱ्याला आईला फोन लावला. वय 84, कान तिखट, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा बरी.

"आई, अनारशाचं प्रमाण सांग. लिहून घेते."

"त्यात काय लिहायचंय? जाडा जुना तांदूळ भिजवायचा तीन दिवस. पाणी रोज बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून फडक्यावर पसरायचा, कुटायचा, चाळायचा, गूळ घालून गोळा करून ठेवायचा."

"गूळ किती?"

"पीठ मागेल तेवढा."

"आई, ग्रॅममध्ये सांग."

"अगं, मी वाटीने घ्यायचे. ती पितळेची, कड दबलेली. तुझ्या मावशीने नेली ती."

म्हणजे मूळ दस्तऐवज मावशीकडे, मावशी इंदूरला, आणि वाटी बहुधा मोडीत. आमच्या बँकेत संध्याकाळी एक रुपया कमी आला तरी कुणी घरी जात नसे. तिथे 'ग्राहक मागेल तेवढे' या तत्त्वावर कॅश वाटली असती, तर मी पेन्शनऐवजी काय खाल्लं असतं कोण जाणे. मी वजनकाटा काढला.

तांदूळ भिजवणं सोपं. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक आंबूस वास फिरायला लागतो आणि घरातली माणसं एकमेकांकडे संशयाने बघू लागतात, इतकंच. खरी परीक्षा वाळवण्याची. आई हे दिवाळीच्या आधी करायची, साताऱ्याच्या कोरड्या हवेत. मी डोंबिवलीत, जुलैअखेर, चार दिवसांत सूर्य नाही, दोरीवरचे टॉवेल सोमवारपासून ओले. तांदूळ सावलीत वाळवायचा असतो. आमच्याकडे सावलीच सावली होती. शेवटी पलंगावर सुती साडी अंथरली, तांदूळ पसरला, पंखा पाचावर सोडला आणि आम्ही दोघं हॉलमध्ये सतरंजीवर झोपलो. रात्री दोनला उठून मी तांदूळ परतून आले. अशी तर मी कन्या तान्ही असतानाही उठले नव्हते. तेव्हा आई होती घरात.

तांदूळ खडखडीत वाळवायचा नाही, ही यातली गोम. मुठीत दाबला तर तळव्याला चिकटला पाहिजे, पण हात ओला होता कामा नये. ही अवस्था दिवसात साधारण वीस मिनिटं टिकते आणि त्या वीस मिनिटांतच वीज जाते. माझीही गेली. आली तेव्हा मी घाईघाईने मिक्सर फिरवला, मैद्याच्या चाळणीने पीठ चाळलं, काट्यावर ठेवलं. 520 ग्रॅम. तेवढाच गूळ किसून घातला, चमचाभर तूप, गोळा मळून डब्यात. टॅली. त्या रात्री मला फार समाधानाची झोप लागली.

पाच दिवसांनी डबा उघडला. गोळा राहिला नव्हता. डब्याच्या आकाराचं काहीतरी चकाकत बसलं होतं.

आता कळतं की काटा खोटं बोलला नव्हता, मीच त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. ओलं पीठ मोजलं म्हणजे त्यातलं पाणीही मोजलं, आणि त्या पाण्याच्या वजनाचाही गूळ घातला. शिवाय पावसाळ्यातला गूळ, तो आपसूकच पाझरतो. तांदळाच्या पिठात गव्हासारखा चिवटपणा नसतो, गूळ जास्त झाला की धरून ठेवायला कुणीच नाही. पण हे नंतरचं शहाणपण. त्या दिवशी मी खसखशीवर एक अनारसा थापला, खसखशीची बाजू वर ठेवून अलगद तुपात सोडला.

तो बुडाला. वर आला. कडेने बारीक बुडबुडे आले, मध्ये जाळी दिसायला लागली, मी "अहो, बघा बघा" म्हणून हाक मारली. हे येईपर्यंत जाळीची भोकं मोठी होत होत एकमेकांना मिळाली. कडा सुटली. मग सगळा अनारसा पांगला आणि खसखस एकटीच वर तरंगत राहिली. ज्या महिन्यात टोमॅटोने शंभरी ओलांडली होती, त्या महिन्यात मी खसखस तुपात सोडून दिली.

"हसला वाटतं," हे म्हणाले. मी झारा खाली ठेवला. काही गोष्टी हातात झारा असताना ऐकू नयेत.

मग सल्ले सुरू झाले. समोरच्या काकू म्हणाल्या, तूप गार असेल, गार तुपात पसरतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, तूप फार तापलं असणार. एकीने बारीक रवा घाल म्हटलं, दुसरीने रवा घातलास तर नानकटाई होईल अशी भीती घातली. यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ शोधला. त्यातली बाई हसत हसत अनारसे काढत होती आणि तिचे अनारसे मात्र अजिबात हसत नव्हते. आईला फोन केला तर ती म्हणाली, "थोडं कोरडं पीठ बाजूला ठेवलं असशील ना, ते मिसळ."

ठेवलं नव्हतं. टॅली झाली होती ना!

मग डब्यातली साधी तांदळाची पिठी दोन मुठी मिसळली. अनारसा हसायचा थांबला. इतका थांबला, की बशीवर आपटला तर बशीची काळजी वाटावी. आई म्हणाली, घट्ट झालं तर पिकलेल्या केळ्याचा तुकडा कुस्कर. मी तुकड्याऐवजी अख्खं केळं कुस्करलं, कारण अर्धं केळं काळं पडतं आणि मला फुकट गेलेलं चालत नाही. पुन्हा हसला. पुन्हा पिठी. एव्हाना पाच बळी गेले होते. पिठाचं आणि माझं नातं अशा टप्प्याला आलं होतं, जिथे एकाने माघार घ्यायलाच हवी.

सहाव्याला मी काटा फळीवर ठेवून दिला. हाताला पीठ लागलं की सैल, तडकलं की घट्ट, एवढंच बघायचं ठरवलं. लिंबाएवढ्या गोळ्याऐवजी सुपारीएवढा घेतला. गॅस मध्यमच्या जरा खाली, ज्या जागी माझ्या शेगडीचं बटण मुळीच थांबायला तयार नसतं तिथे, ते एका हाताने धरून ठेवलं. उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. आणि बाईसाहेब, जाळी पडली! खुसखुशीत, कडेने लालसर. चाळणीत उभा करून तूप निथळायला ठेवला आणि मी त्याच्याकडे पाच मिनिटं नुसतं बघत बसले.

शनिवारी रात्री साडेअकरापर्यंत 31 झाले. पीठ संपलं.

31. मी तीनदा मोजले. मग यांच्याकडे पाहिलं. यांनी तोंड पुसलं. "मीठबीठ बरोबर आहे का बघितलं फक्त," म्हणाले. अनारशात मीठ.

रविवारी सकाळी स्टेशनजवळच्या दुकानातून मी दोन अनारसे आणले. 33 च्या ताटात ते दोघे वेगळे कळत होते: गोल, गोरे, साखरेचे, एखाद्या गरीब शाळेत साहेबाची मुलं बसावीत तसे. मी त्यांना तळाशी सरकवलं, वर माझे वेडेवाकडे रचले, दिवा ठेवला. जावई आले, विहीणबाई आल्या. वाण झालं. जावयाने नमस्कार केला आणि अनारसा न खाता पोहे मागितले. हा माझा जावई.

विहीणबाईंनी मात्र ताट पुढ्यात ओढलं. वरचे चार बाजूला केले, पाचवा उचलून खाली ठेवला, आणि थेट तळातला एक गोरा काढला. उजेडाकडे धरला. जाळीतून आमचं तुळशीचं वृंदावन दिसत होतं.

"काय सुंदर जाळी पडली आहे हो! आमच्याकडे नेहमी हसतात. प्रमाण काय घेता तुम्ही?"

हे खोकले. कन्येने माझ्याकडे पाहिलं.

"प्रमाण कसलं विहीणबाई," मी म्हटलं, "पीठ मागेल तेवढा गूळ घालायचा."