कामरझेल घर: एका फॉरवर्डमधल्या चार चुका

फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलशेजारच्या (शहराच्या मुख्य चर्चशेजारच्या) कामरझेल घराच्या फोटोखाली एक मजकूर फिरतो आहे: ‘1427 पासून जसंच्या तसं उभं असलेलं, संपूर्ण लाकडी, एकही खिळा नसलेलं घर. कर फक्त खालच्या जमिनीवर असल्याने वरचे मजले पुढे काढले. निळं घर कॅथलिकाचं, लाल प्रोटेस्टंटाचं.’

1427 हे साल इथल्या पहिल्या घराचं. आज दिसतो तो कमानींचा तळमजला 1467 चा, आणि तो दगडी आहे. वरचे कोरीव लाकडी मजले 1589 चे, चीजचा व्यापारी मार्टिन ब्राउन याने चढवलेले. कामरझेल हे नाव तर एकोणिसाव्या शतकातल्या किराणा व्यापाऱ्याचं.

कराची गोष्ट सगळ्यांना आवडते, पण खरं कारण तुळयांत आहे. तुळईचं टोक खालच्या भिंतीबाहेर काढून त्यावर वरची भिंत उभी केली, की तिच्या भाराने तुळईचा मधला झोळ कमी होतो. प्रत्येक मजल्याचा सांगाडा स्वतंत्र असल्याने लांबलचक खांब शोधावे लागत नाहीत. पावसाचं पाणी खालच्या भिंतीपासून दूर ठिबकतं. खोली मोठी होते, हा फायदा होताच. पण त्यावर शहराची नजर होती. मजला किती पुढे काढायचा त्याचं माप कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूच्या दगडावर कोरलेलं आजही दिसतं.

खिळ्यांबद्दल फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. सांगाड्याचे सांधे खाच आणि कुसवाचे, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक (कुसू) दुसऱ्याच्या खाचेत बसतं, आणि दोन्हींच्या भोकांतून ओकच्या लाकडाची खुंटी. कुसवातलं भोक मुद्दाम दोन-तीन मिलिमीटर सरकवून पाडतात, म्हणजे खुंटी ठोकताना सांधा आवळला जातो. खुंटी करवतीने कापायची नाही, लाकडाच्या रेषेवर फोडायची, नाहीतर ती मोडते. ओल्या ओकमधलं टॅनिन हे तुरट द्रव्य लोखंडाला खातं, म्हणून इथे खिळा नको. फळ्या आणि छपराच्या पट्ट्यांना मात्र खिळे लागतातच.

खांबांमधल्या भिंती म्हणजे आपला कूडच: फोडलेल्या काठ्या, पेंढा मिसळलेली माती, वर चुन्याचा गिलावा. खरा घात सिमेंटच्या गिलाव्याने होतो. फटीतून शिरलेलं पाणी त्यामागे अडकतं आणि आधी सर्वांत खालची आडवी तुळई कुजते. ती बदलावी लागते, त्यामुळे ‘जसंच्या तसं’ हा शब्दच अशा घरांना लावू नये.

रंगांच्या सांकेतिक भाषेला तर आधारच नाही. 1589 मध्ये शेजारचं कॅथेड्रलसुद्धा प्रोटेस्टंटांकडे होतं. त्या शहरात कोणी कोणाला रंगाने ओळखायचं? चुन्याचा रंग दर काही वर्षांनी नवा द्यावा लागतो. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अनेक घरांचं लाकूड गिलाव्याखाली झाकलं गेलं, घर दगडी दिसावं म्हणून. आजचे भडक निळे-गुलाबी रंग बहुतेक विसाव्या शतकातले आहेत.