मेटॅलिक ग्लास म्हणजे बॅटरी नव्हे

मेटॅलिक ग्लास म्हणजे स्फटिक बनू न देता झपाट्याने थंड केलेला धातू; पुढे ‘काच’ म्हटलंय ती हीच. तिच्याबद्दल सध्या एक दावा जोरात फिरतोय: ‘मेटॅलिक ग्लासमधले अणू कसेही विखुरलेले असतात, त्या अव्यवस्थेत प्रचंड ऊर्जा साठते, अव्यवस्था वाढवत नेली की हा धातू बॅटरीची जागा घेईल.’ इथे दोन वेगळ्या ऊर्जा एकाच पोत्यात भरल्या आहेत.

‘अणू कसेही विखुरलेले.’ दूरवरची शिस्त नसते, जवळची असते. झिर्कोनियम-तांब्याच्या काचेत बऱ्याच तांब्याच्या अणूंभोवती बारा शेजारी वीस त्रिकोणी बाजूंचा पिंजरा करून बसतात.

‘अव्यवस्थेत प्रचंड ऊर्जा.’ कोणती? एक स्प्रिंगची. नेहमीच्या स्फटिकरूप धातूत डिसलोकेशन, म्हणजे अणूंच्या ओळींतल्या चुका, सरकतात, म्हणून तो लवकर कायमचा वाकतो. काचेत सरकायला ओळच नाही, त्यामुळे ती सुमारे 2 टक्के ताणली तरी पूर्ववत होते. 1993 मध्ये जाहीर झालेली व्हिट्रेलॉय 1 ही झिर्कोनियमची काच घ्या: ताकद 1.9 गिगापास्कल, यंगचा गुणांक (ताणायला किती जड ते) 95 गिगापास्कलच्या आसपास. ताकदीचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट, म्हणजे घनमीटरला 19 मेगाजूल. 1.5 गिगापास्कलच्या पोलादी स्प्रिंगला जेमतेम 5.6 येतात. स्प्रिंग म्हणून झकासच! पण वजनात मोजा: किलोला 3 किलोजूल. किलोला 250 वॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी 900 किलोजूल देते.

दुसरी ऊर्जा गोठलेली. वितळलेल्या धातूचा रस झपाट्याने थंड होताना अणूंना सोयीची जागा सापडत नाही, ती गैरसोय आत अडकते. मोलला 1 किलोजूल धरा. व्हिट्रेलॉयचा मोल 60 ग्रॅमचा, म्हणजे किलोला सतराएक किलोजूल. तीही उष्णता म्हणून एकदाच निघते. पुन्हा भरायची तर वितळवा, किंवा ठोकून काढा.

मोजायची रीत: 10-20 मिलिग्रॅमचा सपाट तुकडा डीएससीत (नमुना किती उष्णता घेतो-सोडतो त्याचा आलेख काढणारं यंत्र) मिनिटाला 20 अंशांनी तापवा. व्हिट्रेलॉय 1 चं काच-संक्रमण (कडक काच मऊ, दाट द्रवासारखी होते ते तापमान) 350 अंश सेल्सिअसजवळ, स्फटिकीकरण 430 जवळ. म्हणून 390 ला थांबा, त्याच वेगाने थंड करा, पुन्हा तापवा. दोन आलेखांमधलं क्षेत्रफळ म्हणजे थंड होण्याच्या त्या वेगाच्या तुलनेत साठलेली जादा ऊर्जा. तिसऱ्यांदा तापवल्यावरचा आलेख दुसऱ्यावर बसला नाही तर स्फटिक धरू लागलेत. हमखास चूक मात्र आधीच होते: तुकडा कोरडा, घाईत कापला की कापायच्या चाकाच्या उष्णतेनेच साठलेली ऊर्जा उडून जाऊ शकते, आणि मग ‘या नमुन्यात ऊर्जाच नाही’ असा निष्कर्ष निघतो.

‘अव्यवस्था वाढवत न्या.’ वाढवता येते, द्रव नायट्रोजन आणि खोलीचं तापमान यांत नमुना वारंवार हेलकावून. त्यातून सहसा न तुटता कायमचं वाकण्याची क्षमता मिळते, पण काच मऊ पडू शकते. आणि ताकद 10 टक्के घटली की स्प्रिंगची ऊर्जा 19 टक्के घटते. उलट, तापवून शांत केलेली काच कडक, पण ठिसूळ.

ताण हद्दीबाहेर गेला तर विकृती दहा-वीस नॅनोमीटर जाडीच्या पट्टीत एकवटते आणि स्प्रिंगची ऊर्जा क्षणात तिथे सुटते. झिर्कोनियमची काच हवेत तुटताना ठिणग्या दिसतात, तुटलेल्या पृष्ठावर वितळलेले थेंब सापडतात.