‘सहा महिने ठेवा, पोरगं सरळ होतं’: या मेसेजमधलं काय चुकीचं आहे

गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर साधारण असा: “पोरगं हाताबाहेर गेलं? खर्रा, दारू, चोरी, मोबाइल, उलट बोलणं, शाळा बुडवणं, सगळ्यावर एकच इलाज. सहा महिने निवासी केंद्रात ठेवा. नशा पहिल्याच दिवशी बंद. भेटायला जाऊ नका, फोन करू नका. कडक शिस्तीत पोरगं सरळ होतं. गॅरंटी.”

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. घरात रोज भांडी आपटत असतील तर आईबापाला हा मेसेज म्हणजे मोठा आधार वाटतो. म्हणूनच त्यातलं एकेक वाक्य तपासायला हवं.

“सगळ्यावर एकच इलाज.” शाळा बुडवणाऱ्या पोराला वाचता येत नसेल, कमी ऐकू येत असेल, वसतिगृहात कुणी छळत असेल. या वयात नैराश्य बऱ्याचदा चिडण्यातून दिसतं. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे. त्यात हाडं दुखतात, थकवा येतो, आणि घरचे म्हणतात पोट्टा कामचोर आहे. म्हणून आधी जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी, कान-डोळे आणि सिकलसेलची तपासणी. कारण कळल्याशिवाय भरती करणं म्हणजे ताप कशाचा ते न पाहता सलाईन लावणं.

“नशा पहिल्याच दिवशी बंद.” हे वाक्य जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर साधारण ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, तापाची अवस्था. तिथे डॉक्टर, औषधं आणि रात्रपाळीची नर्स लागते, कुलूप लावलेली खोली नाही. आणखी एक, केंद्राशी संबंध नसला तरी सांगायलाच हवं: पंक्चरचं सोल्युशन हुंगताना पोरगं सापडलं तर ओरडू नका, मागे धावू नका. अशा वेळी दचकल्याने किंवा पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून जागेवर मृत्यू होऊ शकतो. शांतपणे मोकळ्या हवेत आणून बसवा.

“भेटायला जाऊ नका.” मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नेमकं उलटं सांगतो, आणि व्यसनामुळे होणारे मानसिक त्रासही त्याच कायद्यात येतात. कलम ८७ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाला भरती करण्याआधी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे, त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत तपासायला हवं. मोठ्या रुग्णांपासून वेगळी जागा हवी. पूर्ण मुक्कामात पालक किंवा त्यांनी नेमलेला माणूस मुलासोबत राहायला हवा. भरतीची खबर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला जायला हवी आणि मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाने त्याचा आढावा घ्यायला हवा. साखळीने बांधण्यावर तर पूर्ण बंदी आहे. “पोराला सोडा आणि जा” म्हणणारं केंद्र पहिल्याच पायरीवर कायदा मोडतं.

धारणी किंवा भामरागडसारख्या दूरच्या तालुक्यातल्या मजूर कुटुंबाला नागपुरात मुक्काम करणं किती जड आहे, हे उघड आहे. कापूस वेचणीत रोजी बुडते. तरी वाट निघते: आई, मामा, आजी आठवड्याने आळीपाळी करतात आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी विचारतात की कमीत कमी किती दिवसांत भागेल. मुक्काम लांबवण्यापेक्षा तो आखीव ठेवणं गरिबाला परवडतं.

“कडक शिस्तीत सरळ होतं.” लष्करी थाटाच्या शिबिरांचा परदेशात भरपूर अभ्यास झाला आणि त्यांनी गुन्हे कमी होतात असं दिसलं नाही. अमेरिकेत तर अशा निवासी संस्थांमधल्या छळाच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०२४ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. बिघडलेली म्हणून आणलेली पोरं एकाच खोलीत कोंबली की एकमेकांकडून नवी हुशारी शिकतात. आणि पालथं पाडून पाठीवर बसून आवरणं म्हणजे श्वास कोंडणं, त्याने मुलं मेली आहेत.

“गॅरंटी.” कुणीच देऊ शकत नाही, कारण वागणं घरात घडतं आणि घरातच टिकतं. शाळेच्या वहीत दोन आठवडे चार रकाने भरा: वेळ, आधी काय झालं, पोराने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. एक ओळ अशी असेल: “सोमवार, रात्री ८.४०. मोबाइल मागितला, आई नाही म्हणाली. ताट फेकलं. आईने मोबाइल दिला.” चौथ्या रकान्यात उत्तर आहे. ताट फेकलं की मोबाइल मिळतो.

देणं थांबवलं की आधी काही दिवस आदळआपट वाढू शकते. त्याला बिघडणं समजू नका. नेमकी तेव्हाच आई थकते, मोबाइल देते, आणि पोरगं शिकतं की ताटाने भागलं नाही तर कपाट फोडायचं. म्हणून बाप, आजोबा, काका सगळ्यांनी आधी एकच नियम ठरवायचा. सोबत रोज १५ मिनिटं त्याच्या आवडीचं काम, उपदेश न करता, आणि नीट वागला की लगेच शाब्बासकी. समुपदेशकाकडून हे शिकून घेतलं तर अनेक घरांत भरतीची वेळच येत नाही.

जीव धोक्यात असेल, घरच्यांना मार बसत असेल, नशा उतरवायला वैद्यकीय देखरेख लागत असेल, तर निवासी उपचार हवेतच. तेव्हा केंद्राकडे नोंदणीचं प्रमाणपत्र मागा, मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतो ते विचारा, मुलं झोपतात ती खोली बघा. दाखवली नाही तर परत फिरा. शंका असली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, मराठीत मोफत बोलता येतं; मुलाला मारहाण होत असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८.

केंद्रातून सुट्टी होण्याआधी दोन दिवस घरी आणून बघा आणि सुट्टी झाल्यावर ७ दिवसांत ओपीडीची तारीख घ्या. रागाच्या भरात ते विष हाती लागू नये म्हणून मूल घरात पाय ठेवण्याआधी कोठ्यातल्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या कुलपात गेल्या पाहिजेत आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कंबरेला.